होलोकॉस्टमधून वाचलेल्या मुलांच्या साक्षी: तीन ऑनलाइन संग्रह, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी

निकाल आधीच सांगून टाकतो. होलोकॉस्टमधून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या मुलांचं बालपण आणि त्यांची देवावरची श्रद्धा कशी गेली, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं असेल तर सगळ्यात मोठ्या संग्रहापासून सुरुवात करू नका. सगळ्यात जुन्यापासून करा. त्याचा आवाज खरखरतो, मुलाखत घेणारा मध्ये मध्ये बोलतो, चित्र तर नाहीच. तरीही तोच पहिला.

संग्रह तीन आहेत. पहिला 'व्हॉइसेस ऑफ द होलोकॉस्ट', शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयाचा. यात १९४६ सालच्या ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत. दुसरा युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या शोआ फाउंडेशनचा 'व्हिज्युअल हिस्टरी अर्काइव्ह'. त्यातल्या होलोकॉस्टच्या बहुतेक चित्रफिती १९९४ ते १९९९ या काळातल्या. तिसरा येल विद्यापीठाचा फॉर्च्युनॉफ संग्रह, ज्याचं काम १९७९मध्ये सुरू झालं. तिन्हींना पैसे पडत नाहीत. तिन्हींत मराठी नाही, त्यामुळे वाचून समजेल इतकं इंग्रजी लागतं.

जुन्या संग्रहामागे एकच माणूस आहे, डेव्हिड बोडर. लाटव्हियातल्या लिबाऊ गावी जन्मलेला, रशियातून मेक्सिको आणि तिथून अमेरिका असा प्रवास केलेला हा मानसशास्त्राचा प्राध्यापक. १९४६च्या जुलैअखेरीस तो पॅरिसला उतरला. बरोबर होतं पोलादी तारेवर आवाज टिपणारं यंत्र आणि तारेची सुमारे २०० रिळं. ध्वनिफीत तेव्हा अजून सगळीकडे पोचली नव्हती. केसासारख्या बारीक तारेवर चुंबकीय खूण उमटायची. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्या, मुलांची वसतिगृहं, शाळा फिरून त्याने सुमारे १३० जणांशी ९ भाषांत बोलून घेतलं. सगळं मिळून सुमारे ९० तास भरतं. मुलाखत देणाऱ्यांत पंधरा ते वीस वयाची पोरं-पोरी बऱ्याच आहेत, आणि नाझींच्या छळछावणीतून सुटून त्यांना जेमतेम सव्वा वर्ष झालेलं आहे.

हे सव्वा वर्ष महत्त्वाचं. तोवर 'होलोकॉस्ट' हा शब्द या अर्थाने रूढ झालेला नव्हता. घडलं ते कसं सांगायचं याची कोणतीही पद्धत पडलेली नव्हती. सुरुवात, मध्य, शेवट आणि शेवटी आशा, असा घाट अजून कुणी घालून दिला नव्हता. म्हणून या मुलाखतींत मुलं एखादी भयंकर गोष्ट सांगून पुढच्याच वाक्यात बुटांच्या मापाबद्दल बोलतात. आईचं नाव आणि गावाचं नाव एकाच पट्टीत येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना काही वाटत कसं नाही? असा प्रश्न तुम्हाला पडला तर तुम्ही योग्य जागी आला आहात. पन्नास वर्षांनंतरच्या चित्रफितींत त्याच प्रकारच्या प्रसंगाशी आवाज थांबतो, डोळे भरतात. १९४६मध्ये रडायला लागणारी सुरक्षितता त्यांच्यापाशी नव्हती.

बोडरबद्दल तक्रार कराल, आणि ती रास्त आहे. तो अडवतो. गावाच्या नावाचं स्पेलिंग विचारतो, तारीख विचारतो. कधी समोरचा सांगतोय त्यावर त्याचाच विश्वास बसत नाही आणि ते आवाजात कळतं. गॅस चेंबर म्हणजे काय, हे तो खरोखर माहीत नसल्यासारखं विचारतो. आजच्या कोणत्याही प्रशिक्षित मुलाखतकाराने असं केलं तर त्याला काढून टाकतील. पण या अडाणीपणाचा फायदा असा की मुलांना सगळं पायापासून सांगावं लागतं: रेल्वेचा डबा किती मोठा होता, रांग कुठे वळली, सूप कशात मिळालं. आपल्याला सगळं आधीच माहीत आहे, या आविर्भावात ऐकायला बसलेल्या माणसाची तो चांगली जिरवतो.

वापरायला सोपं आहे. मुलाखतींची यादी उघडायची, एक निवडायची. पानावर आवाज, मूळ भाषेतली प्रत आणि इंग्रजी भाषांतर मिळतं. आधी भाषांतर पूर्ण वाचा, मग हेडफोन लावून ऐका. उलटं केलंत तर पहिल्या दहा मिनिटांत खरखर जिंकते. यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) किंवा जर्मन येत नसलं तरी ऐकाच. कुठे आवाज सपाट होतो, कुठे वाक्य अर्धवट राहतं, बोडर कुठे घाईने विषय बदलतो, हे भाषेवाचून कळतं आणि भाषांतरात दिसत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकण्यात अर्थ नाही. तारेच्या ध्वनिमुद्रणात वेग थोडा कमी-जास्त होतो, मागे दारं आपटतात, दुसऱ्या खोलीतली माणसं बोलतात.

इंग्रजी भाषांतर ओबडधोबड वाटेल. तो दोष नाही. बोडरने वाक्यरचना मुद्दाम मोडकी ठेवली. ज्या माणसाचं शिक्षण दहाव्या-बाराव्या वर्षी तुटलं आणि जो पाच भाषांच्या छावण्यांतून आला, त्याच्या तोंडी सुबक इंग्रजी घालणं त्याला खोटं वाटत होतं. पुढे अनेक वर्षं खपून त्याने ७० मुलाखतींची भाषांतरं १६ खंडांत टंकलिखित केली. १९६१मध्ये तो वारला तेव्हा हे काम फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या रिळांपैकी गाण्यांचं एक हरवलेलं रीळ तर अलीकडे अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या इतिहास संग्रहालयात सापडलं. फ्रान्समधल्या एनोंव्हिलच्या छावणीत निर्वासितांनी म्हटलेली गाणी त्यावर आहेत.

आता मराठी वाचकाने सगळ्यात जपून राहायची जागा. ती म्हणजे ब्राउझरमधलं आपोआप भाषांतर. इंग्रजी पान एका कळीत मराठी होतं, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण छावणीची स्वतःची बोली होती आणि यंत्राला ती येत नाही.

'ऑर्गनाइझ' हा त्यातला पहिला शब्द. यंत्र लिहितं: 'मी भाकरी आयोजित केली.' छावणीत या शब्दाचा अर्थ होता कोठारातून, स्वयंपाकघरातून, जर्मनांच्या मालातून काहीतरी उचलून आणणं. ही चोरी समजली जात नसे. शेजारच्या कैद्याची भाकरी घेतली तर मात्र ती चोरी, आणि तिला माफी नव्हती. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने आठवड्याभरात हे नवं नीतिशास्त्र पाठ केलं. घरी 'चोरी करू नकोस' ही देवाची आज्ञा म्हणून शिकला होता. इथे शब्दच बदलला, आणि शब्द बदलल्यावर आज्ञाही बाजूला झाली. बालपण कुठे संपलं असं विचाराल तर बऱ्याच साक्षींत ते या एका क्रियापदापाशी संपतं. यंत्राच्या भाषांतरात तिथे कार्यक्रमाचं आयोजन होतं!

दुसरा शब्द 'मुझेलमान'. यंत्र सरळ 'मुसलमान' लिहून मोकळं होतं आणि अख्खा परिच्छेद भलत्याच दिशेला जातो. उपासमारीने जगण्याची इच्छाच संपलेल्या, पाय ओढत चालणाऱ्या कैद्याला छावणीत हा शब्द होता. कुठल्याही धर्माशी त्या माणसाचा संबंध नसे. 'कॅनडा' म्हणजे देश नव्हे, तर पोलंडमधल्या आउशवित्झ छावणीच्या बिर्केनाऊ भागात नव्याने आलेल्यांच्या सामानाचा ढीग जिथे लावत ती कोठारं. तिथे सगळं मिळतं, म्हणून श्रीमंत देशाचं नाव. 'सिलेक्शन'चं 'निवड' केलं की नोकरीची मुलाखत वाटते. तिथे ती कोण आज मरणार याची वाटणी होती. 'अपेल' म्हणजे हजेरी, आणि ती तासन्‌तास चाले. 'ब्लॉकचा वडीलधारी' असं काही दिसलं तर तो कुणाचा काका नाही. बराकीवर नेमलेला कैदी-मुकादम आहे. एवढे शब्द कागदावर उतरवून शेजारी ठेवा, आपोआप भाषांतर बंद करा आणि अडलेल्या वाक्यापुरता शब्दकोश उघडा. वेळ दुप्पट लागेल, पण अर्थ हाती लागेल.

श्रद्धेबद्दल ऐकायचं तर थोडी आधीची तयारी लागते, कारण कोणतं कर्मकांड सुटलं हे कळल्याशिवाय काय गेलं हे कळत नाही. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की धार्मिक कर्तव्यांच्या दृष्टीने प्रौढ होतो. सार्वजनिक प्रार्थनेला दहा जण लागतात आणि तो त्यात मोजला जातो. शनिवार आणि सण सोडून रोज सकाळी हाताला आणि कपाळाला चामडी पट्ट्यांनी तेफिलिन, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेल्या छोट्या पेट्या, बांधतो. १९३०-३१ साली हंगेरीच्या ताब्यातल्या भागात जन्मलेल्या मुलाचं तेरावं वर्ष १९४४च्या आसपास येतं, आणि १९४४च्या मे ते जुलैमध्येच तिथल्या ज्यूंना आउशवित्झला नेलं. म्हणजे देवासमोर मोठा झाला आणि त्याच सुमारास रांगेत उभा राहिला. साक्ष ऐकताना जन्मवर्ष आणि गाव आधी पाहा. हा हिशेब मांडल्याशिवाय पुढची वाक्यं पोचत नाहीत.

'शेमा' ही प्रार्थना वारंवार ऐकू येईल. देव एकच आहे अशी साक्ष देणारी, झोपताना आणि मरताना म्हणायची. महाराष्ट्रात तिची ओळख नवी नको: कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने जगातल्या इतर ज्यूंशी संबंध तुटलेला असतानाही जी प्रार्थना शतकानुशतकं तोंडी जपली, ती हीच. रेवदंडा-अलिबागकडच्या घरांत तेलाच्या घाण्याशेजारी म्हटली गेलेली ओळ पोलंडमध्ये डब्यातून उतरवलेल्या माणसांच्या तोंडी होती, हे लक्षात ठेवून ऐकलं तर ती ओळ परकी राहत नाही.

आणि कद्दिश. आईवडील गेल्यावर मुलाने अकरा महिने म्हणायची प्रार्थना. तिची गोम अशी की तिच्यात मृत्यूचा उल्लेखच नाही. ती सगळी देवाची स्तुती आहे. आता पंधरा वर्षांचा मुलगा घ्या. देवावरचा विश्वास उडालाय, पण वडिलांचं ऋण फेडायचं तर त्याच देवाचे गोडवे गायचे आहेत. म्हणायची? काहींनी म्हटली आणि सांगितलं की ती वडिलांसाठी होती, देवासाठी नव्हती. काहींनी तोंड मिटून घेतलं. शिवाय तिथी कुठली धरायची? मृत्यूचा दिवसच माहीत नाही. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने अशांसाठी ज्यू पंचांगातल्या तेवेत महिन्याची दहावी तिथी ठरवून दिली. सर्वपित्री अमावस्या ज्यांना माहीत आहे त्यांना ही सोय वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे जवळपास सगळं गाव एकाच अमावस्येला येतं.

दुसऱ्या संग्रहाकडे वळू. शोआ फाउंडेशनची स्थापना १९९४मध्ये चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी केली. ५६ देशांत, ३२ भाषांत जवळपास ५२,००० साक्षी पाच-सहा वर्षांत टिपल्या गेल्या. नंतर रवांडातला, आर्मेनियन लोकांचा आणि नानजिंगमधला अशा नरसंहारांच्या साक्षीही आल्या. एकेक साक्ष सरासरी दोन-अडीच तासांची. संग्रहाची खरी ताकद म्हणजे सूची: मिनिटामिनिटाला विषय नोंदलेला असतो, आणि तुम्ही थेट त्या मिनिटावर जाऊ शकता. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

पायऱ्या अशा. नाव-ईमेल देऊन खातं उघडा. शोधात आधी जन्मवर्षाची चाळणी लावा: १९२८ ते १९३२ घेतलं तर किशोरवयात छावणीत गेलेले सापडतात; १९३५च्या पुढे लपवून ठेवलेली मुलं जास्त. छावणीतून अगदी लहान मुलं फार कमी वाचली, त्यामुळे या वयोगटाच्या साक्षी मुख्यतः ख्रिस्ती मठ, शेतघरं, अनाथाश्रम इथल्या आहेत. मग भाषा इंग्रजी निवडा. बऱ्याच नोंदींत युद्धापूर्वीची आणि युद्धानंतरची धार्मिक ओळख अशा दोन वेगळ्या रकान्यांत माहिती आहे. हे दोन रकाने जुळत नाहीत अशी नोंद उघडा आणि सूचीतून धर्म, प्रार्थना, सण असे विषय जिथे आहेत त्या मिनिटांवर जा.

इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. 'देव' किंवा 'श्रद्धा' शोधून पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाहत बसलात तर सगळ्या साक्षी एकसारख्या वाटायला लागतील. त्या तुकड्यांत माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतोय. पन्नास वर्षांत ते उत्तर त्याने मुलांना, शाळांना, स्वतःला अनेकदा दिलेलं आहे. ते खरं आहे, पण घासून गुळगुळीत झालेलं आहे. श्रद्धा प्रत्यक्ष गेली तो क्षण सूचीत 'श्रद्धा' या नावाखाली क्वचितच असतो. तो 'अन्न'खाली असतो, 'भावंडं'खाली असतो, 'योम किप्पूर' या ज्यूंच्या उपवासाच्या पवित्र दिवसाखाली असतो. उपवासाच्या दिवशी नेहमीपेक्षा दाट सूप वाढलं आणि खाल्लं की नाही, या प्रश्नापाशी सगळा प्रकार उलगडतो. एखाद्याने खाल्लं आणि त्याला काहीच झालं नाही, वीज कोसळली नाही; आणि हे काहीच न होणं त्याच्या लक्षात राहिलं. म्हणून सूचीने दाखवलेल्या मिनिटाच्या दहा मिनिटं आधीपासून ऐका.

दुसरी अडचण शेवटाची. फाउंडेशनच्या पद्धतीत मुलाखतीच्या अखेरीस पुढच्या पिढ्यांसाठी काही सांगायचं आहे का, असं विचारतात, मग घरची मंडळी कॅमेऱ्यासमोर येतात, फोटो दाखवतात. मुलाबाळांच्या देखत कुठला आजोबा म्हणेल की मला कशावरच विश्वास राहिलेला नाही? शेवटची पंधरा मिनिटं या विषयासाठी पुरावा म्हणून धरू नका. घरच्यांचे चेहरे मात्र पाहा. कधी बायकोला ती गोष्ट पहिल्यांदा कळतेय असं दिसतं.

तिसरी अडचण व्यवहाराची. घरबसल्या सगळ्या ५२,००० चित्रफिती दिसत नाहीत. खातं उघडल्यावर त्यातल्या काही हजारच पूर्ण उघडतात. बाकीच्यांसाठी पूर्ण संग्रह घेतलेलं विद्यापीठ किंवा संग्रहालय गाठावं लागतं; कुठे ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतं. शोधाच्या निकालात कुलूपबंद नोंदीही येतात, त्यामुळे तासभर चाळण्या लावून हाती फक्त नावं लागली असं होऊ शकतं. फक्त पाहता येण्याजोग्या साक्षी दाखवणारी चाळणी आधी लावा.

वयाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण नवखा वाचक इथे साक्षीलाच खोटी ठरवतो. एकाच मुलाची दोन-तीन जन्मवर्षं सापडतात: घरच्या कागदात १९३०, छावणीच्या नोंदीत १९२७, ब्रिटनच्या कागदात १९३१. तिन्ही नोंदी त्याच मुलाच्या असू शकतात. आउशवित्झच्या फलाटावर जुने कैदी कानात कुजबुजायचे, सोळा-अठरा सांग. लहान ठरलास तर थेट मरणाच्या रांगेत. युद्ध संपल्यावर उलटं झालं. ब्रिटनने १,००० मुलांना आणायची परवानगी दिली ती सोळा वर्षांखालच्यांसाठी. मग अठराचे पुन्हा पंधराचे झाले. इतकं करूनही १,००० मुलं मिळालीच नाहीत, ७३२ आली. पहिली ३०० मुलं १४ ऑगस्ट १९४५ला प्रागहून बॉम्बफेकी विमानांत बसवून कार्लाइलजवळ उतरवली आणि विंडरमीरला नेली. पाव उशाखाली, गादीखाली लपवून ठेवणारी ही मुलं. उद्याही पाव मिळेल यावर विश्वास बसायला त्यांना वेळ लागला. देवावरच्या विश्वासाची चर्चा त्याच्या नंतरची. (इंग्लंडातल्या मराठी मंडळींसाठी: या मुलांबद्दलचं प्रदर्शन विंडरमीरच्या सार्वजनिक ग्रंथालयातच आहे. लेक डिस्ट्रिक्टच्या सहलीत एक तास काढा.)

मोठ्यांना या मुलांचा अंदाज किती चुकला, याचं आणखी एक उदाहरण फ्रान्समधलं. ११ एप्रिल १९४५ला जर्मनीतली बुखेनवाल्ड छावणी सुटली तेव्हा आत सुमारे ९०० मुलगे होते. त्यातले सव्वाचारशेच्या वर जूनमध्ये 'ओझे' या ज्यू बालकल्याण संस्थेच्या नॉर्मंडीतल्या एकूई इथल्या घरी आले. संस्थेने लहान मुलं येणार म्हणून छोटे पलंग मांडले होते. उतरले ते बहुतेक किशोर आणि तरुण, अंगावर हिटलर युथ या नाझी युवक संघटनेचे गणवेश, कारण मुक्त करणाऱ्या सैन्याला दुसरे कपडे मिळाले नव्हते. वाटेत फ्रेंच लोकांनी त्यांना नाझी समजून शिव्या घातल्या. कामांबेर चीज वाढलं तर वासावरून त्यांनी ते विष समजून भिंतीवर फेकलं. मग काही मुलांनी कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेलं, जेवण मागितलं आणि संस्थेने त्यांच्यासाठी वेगळं घर काढलं, बाकीच्यांना दुसरीकडे. म्हणजे श्रद्धा राहिली की गेली, याची पहिली नोंद जेवणाच्या भांड्यांवर झाली. बुखेनवाल्डमधून सुटलेल्यांत सोळा वर्षांचा एली वीझेल होता, जो पुढे लेखक झाला आणि आयुष्यभर देवाशी भांडत राहिला पण त्याच्याशी बोलणं त्याने सोडलं नाही. आणि आठव्या वाढदिवसाच्या अलीकडचा इस्रायल मेइर लाऊ होता, जो पुढे इस्रायलचा प्रमुख रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, झाला. छावणी एकच. म्हणून 'छावणीत श्रद्धा जाते' असं सूत्र शोधत संग्रहात शिरलात तर पहिल्याच दिवशी ते मोडेल.

लपवून ठेवलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी, आणि बहुतेक शिक्षक ती गाळतात. चार-पाच वर्षांची मुलगी मठात गेली. नवं नाव, नवी प्रार्थना, क्रॉसची खूण. चुकलं तर सगळ्यांचा जीव धोक्यात. तिने ते इतकं नीट शिकलं की युद्धानंतर कुणी नातेवाईक न्यायला आला आणि म्हणाला तू ज्यू आहेस, तेव्हा तिला तो शिवीसारखा शब्द वाटला. तिची एक श्रद्धा आठवणीआधीच गेली होती, दुसरी आता काढून घेतली. फ्रान्समध्ये फिनाली या दोन भावांवरून १९५३मध्ये चर्च, न्यायालय आणि नातेवाईक यांच्यात देशभर गाजलेला वाद झाला, तो याच पेचाचा. या मुलांना कित्येक दशकं सांगितलं गेलं की तुम्ही लहान होतात, तुम्हाला काय आठवणार. त्यांचा पहिला मोठा मेळावा न्यू यॉर्कला १९९१मध्ये भरला. शोआ फाउंडेशनचं काम त्यानंतर तीनच वर्षांनी सुरू झालं, म्हणून या गटासाठी मात्र तोच संग्रह सर्वोत्तम. बोडरकडे त्यांचे आवाज शोधू नका.

येलच्या फॉर्च्युनॉफ संग्रहाबद्दल थोडक्यात. साक्षी ४,४००हून अधिक. मुलाखतकार जवळजवळ गप्प राहतात, साक्षीदार नेईल तिकडे मुलाखत जाते. म्हणून शांतता फार आहे, आणि ती कापलेली नाही. श्रद्धेच्या विषयाला ही पद्धत फाउंडेशनच्या पद्धतीपेक्षा जास्त मानवते. पण सूचीत आडनावाचं फक्त आद्याक्षर असल्याने ठरावीक माणूस शोधणं अवघड, आणि पूर्ण साक्ष पाहायची तर संलग्न संस्थेतून विनंती करावी लागते. प्रबंध लिहिणाऱ्याने जावं. कुतूहलापोटी आलेल्याला दारातच कंटाळा येईल.

वर्गात वापरायचं असेल तर सहावीच्या खालच्या मुलांना नको. वरच्यांनाही एका तासात एकच साक्ष, तीही वीस मिनिटांवर नको. मृतदेहांची छायाचित्रं जोडीला अजिबात नकोत, कारण मग आवाज कुणी ऐकत नाही. ऐकून झाल्यावर 'तुला काय वाटलं' असा प्रश्न टाळा आणि 'तो किती वर्षांचा होता, त्या दिवशी बरोबर कोण होतं' असं विचारा. आधी नकाशावर गाव शोधायला लावा. सीमा पुन्हापुन्हा बदललेल्या असल्याने एखादं गाव चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ आणि आता युक्रेन असं चार नावांखाली सापडतं. शोधात एक स्पेलिंग चाललं नाही तर दुसरं टाकून पाहा.

शेवटी बोडरच्या पानांबद्दल एक तांत्रिक बाब. लांब मुलाखती दोन-तीन रिळांत विभागलेल्या आहेत. मुलगा वाक्याच्या मध्यावर असतो आणि आवाज तुटतो. मुलाखत संपली असं समजून पान बंद करू नका. तार संपलेली असते, मुलगा पुढच्या रिळावर तिथूनच बोलत असतो.